बाबांच्या छातीतला गाइता

माराकाइबो,
भर दुपार, लाईट नाही

तीर्थस्वरूप लुदोविनाताई,

आशीर्वाद दे. (तू तिथे मनातल्या मनात ‘देव भलं करो’ म्हणालीस असं धरून पुढे लिहितो. म्हणाली नसशील तर आत्ता म्हण, मला गरज आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? अंतोफागास्तात थंडी पडली की ते कुरकुर करतात असं मागे कळवलं होतंस. आमच्याकडे थंडी ही चीज फक्त आठवणीत उरली आहे. मेहुण्यांचा खोकला गेला का? पोरं आता चिलेवाल्यांसारखी बोलायला लागली असतील. त्यांना आपल्याकडच्या चार सणसणीत शिव्या शिकवून ठेव, नाहीतर पुढे आजोबांशी ती बोलणार कशात? आणि तुझं काम कसं चाललंय? बाबांच्या लेखी तू अजून ब्युटी पार्लरमध्येच आहेस. ते गल्लीभर सांगत सुटतात की माझ्या पोरीच्या हाताला असा गुण आहे की एक गिऱ्हाईक म्हणून तक्रार करत नाही. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. अंत्यविधीच्या दुकानात मेलेल्यांचे केस विंचरून त्यांना पावडर लावायची तर तक्रार करणार कोण, पण ते आपल्या दोघांतच राहू दे.

इकडे सर्व ठीक. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.) पत्र कागदावर का, असं विचारशील. फोनला रेंज नाही, कारण टॉवरला लाईट नाही, आणि पोस्टाचं तर नावच काढू नकोस. समोरच्या एदिलियाचा जावई उद्या बसने तुमच्या बाजूला निघतोय. त्याच्या बुटात घालून हे पाठवतोय, तेव्हा कागदाला वास आला तर राग मानू नकोस.

मी अजून नववीला ‘वीज आणि चुंबकत्व’ शिकवतो. या शहरात वीज शिकवायची म्हणजे उपाशी माणसाला समोर बसवून स्वयंपाकाचं पुस्तक वाचून दाखवायचं. पोरं विचारतात, सर, वीज दिसत नाही, तिला वास नाही, मग ती असते हे कशावरून? मी म्हणतो, परिणामांवरून. आता यांनी बघितलेले परिणाम कोणते, तर घरोघरचे जळालेले फ्रीज. परवा परिपथ शिकवला. बटण दाबलं की परिपथ पूर्ण होतो आणि प्रवाह वाहतो, बटण बंद केलं की परिपथ तुटतो. तुला आठवत असेल, आपल्याकडे बटण बंद कोण करतं? लाईट गेली तरी घरातली सगळी बटणं चालूच, म्हणजे ती आल्याचं कळावं. दिवा पेटला की गल्ली ओरडते, आली रे आली! पोरांच्या मते बटण म्हणजे लाईट आल्याची वर्दी देणारं यंत्र. परीक्षेत एकीने शब्दशः तसंच लिहिलं. मी तिला पूर्ण गुण दिले, माझी काय टाप आहे तिला चूक म्हणायची.

याच सवयीपायी आमचा घात झाला, आणि आता मुद्द्यावर येतो. बाबांचा पेसमेकर तू इथे असतानाच बसवला होता. तेव्हा हॉस्पिटलात लिफ्ट चालत होती, आठवतं? त्याची बॅटरी किती उरली हे बघायचं एक मशीन असतं, छातीवर त्याची वायर टेकवली की सगळं सांगतं. लाईट गेली तेव्हा त्या मशीनचं बटण कुणीतरी आपल्या लाडक्या रिवाजाप्रमाणे चालूच ठेवलं. मग लाईट आली ती अशी जोरात आली की मशीनमधून धूर निघाला. (विभवांतर अचानक वाढल्यास उपकरण जळते. प्रकरण चौथे, चौकटीतला मजकूर.) डॉक्टर फुएनमायोर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “मास्तर, तुमच्याकडे चुंबक आहे का?” मला वाटलं, उकाड्याने माणूस गेला कामातून. पण नाही. त्या पेटीवर चुंबक धरला की ती हृदयाचं ऐकणं सोडते आणि स्वतःच्या ठरलेल्या ठेक्याने चालते. बॅटरी दमदार असेल तर ठेका जलद, उतरली की ठेका संथ. इतकी वर्षं चुंबकाचे गुणधर्म शिकवतोय, उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, लोखंडाचा कीस, आणि हा एक गुणधर्म मला माहीत नव्हता.

चुंबक मिळाला बाबांच्याच जुन्या गाइता गाणाऱ्या मंडळाच्या फुटक्या स्पीकरमधून, चांगला बांगडीएवढा गोल. घड्याळ मात्र मिळेना, कारण माझ्या घड्याळाचा सेल कधीच मेलाय. त्यावर बाबा म्हणाले, “घड्याळ कशाला रे? जन्मभर मंडळात फुर्रोचा ढोल वाजवलाय मी. ठेका मला कळत नाही?” तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर हा सोहळा असतो. बाबा सदरा काढून खुर्चीत बसतात. मी छातीवर चुंबक ठेवून मनगट धरतो. आतली पेटी जी सुटते ती थेट नोव्हेंबरच्या जत्रेतला जलद गाइता! बाबा तोच ठेका उजव्या हाताने टेबलावर धरतात, गल्लीतली माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन येतात, आणि समोरचे आउदियोकाका टाळ्या वाजवत ओरडतात, “हेबेर्तो, या वयात एवढा जलद? लाज नाही वाटत?” डॉक्टरांनी मला बजावलं होतं, गाइता वाजतोय तोवर झोपा काढा. बोलेरो लागला, म्हणजे आईची ती संथ रडकी गाणी, की धावत या.

आता शाळेतला पराक्रम ऐक. खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून विद्युतचुंबक करायचा प्रयोग होता. त्याला सेल लागतो. अख्ख्या शाळेत सेल नाही. मी म्हटलं, हरकत नाही, लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची पट्टी खोचली की थोडी वीज तयार होते, टाचणी नाही उचलली तरी होकायंत्राची सुई तरी हलेल. लिंबं आणली. मी फळा पुसेपर्यंत पोरांनी ती पिळून पिऊन टाकली. (सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं त्यांनी, काय बोलणार.) घरी येऊन हे सांगितलं तर बाबा काठी घेऊन उठलेच. “मला घेऊन चल. तुझ्या शाळेला मिळेल असा एकच चालू सेल आहे, तो माझ्या छातीत आहे.” मी नाही नाही म्हणतोय, हे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दारात तयार. इस्त्री कशी केली विचारू नकोस, उशीखाली ठेवून झोपले होते.

वर्गात त्यांनी सगळ्यांचा ताबाच घेतला. म्हणाले, हृदय म्हणजे विजेवर चालणारा पंप, माझ्या पंपाचं बटण जरा सैल आहे म्हणून ही पेटी, तुमचे सर आता जादू करणार. मी चुंबक ठेवला. बाबांनी बाकावर गाइता धरला, चिनिता मातेचं गाणं सुरू केलं, आणि पोरं टाळ्या पिटत गायला लागली. तेवढ्यात मुख्याध्यापिका नेर्विसबाई आत आल्या. उघडाबंब म्हातारा, त्याच्या छातीवर काळी चकती, भोवती गाणारी पोरं. त्यांनी आधी छातीवर क्रॉस काढला आणि मग मला विचारलं, “मास्तर, हे काय चाललंय?” मी म्हटलं, “चुंबकीय क्षेत्र, बाई.” त्या म्हणाल्या, “मग देवाची गाणी कशाला म्हणताय?” आता याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही.

मी हसत होतो, ताई, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की बोटांखाली काहीतरी वेगळंच वाजतंय. बाकावर गाइता, टाळ्यांत गाइता, सगळा वर्ग गाइता, आणि मनगटात बोलेरो. आईच्या बोलेरोसारखा, सावकाश. मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत बाकावर आणखी जोरात, आणखी जलद बडवत होते. मी चुंबक उचलला. युलेइसी म्हणून एक मुलगी आहे, तीच ती बटणवाली, तिने विचारलं, “आजोबा, बॅटरी संपली की मग?” बाबा म्हणाले, “मग तुझ्या सरांना एक दिवस सुट्टी.” वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. “चार्ज नाही करता येत?” तर म्हणतात, “अगं, या गावात चार्जिंगच्या भरवशावर राहिलो असतो तर केव्हाच गेलो असतो.” उरलेला तास मी दिव्यांची जोडणी शिकवली. एकसर जोडणीत एक दिवा गेला की परिपथ तुटतो आणि बाकीचेही जातात. फळ्याकडे तोंड करून शिकवली, कारण वर्गाला दाखवण्याजोगं माझं तोंड राहिलं नव्हतं.

डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, नवी पेटी हॉस्पिटलात नाही, येण्याची आशा नाही, तुम्हीच कुठून तरी आणा, बसवायचं काम माझं. वापरलेली असली तरी चालेल, धुऊन उकळून ठणठणीत होते. बॅटरी तेवढी जिवंत हवी, माणूस नसला तरी हरकत नाही. हे बोलताना ते छताकडे बघत होते. छताला बघण्यासारखं काही नव्हतं, पंखासुद्धा बंद.

आणि समोरच आउदियोकाका! त्यांचा पेसमेकर चांगल्या दिवसांत मुलाने परदेशातून आणलेला, बाबांच्या पेटीपेक्षा पुष्कळ नवा. डॉमिनोच्या टेबलावर त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं की मी आधी गेलो तर पेटी हेबेर्तोची, तो आधी गेला तर त्याचा फुर्रो माझा. मग काय, रोज सकाळी बाबा काठी टेकत समोर जायचे आणि आउदियोकाका दारातूनच ओरडायचे, “काय रे गिधाडा, आलास बघायला? आहे अजून जिवंत! चल, नीघ.” बाबा म्हणायचे, “आरामात मर रे, मला कुठे घाई आहे.” मग दोघं कॉफी प्यायचे. मला वाटायचं हा सगळा पोरखेळ आहे, कारण आउदियोकाकांची तब्येत माझ्यापेक्षा उत्तम होती.

ते गेले, ताई. हृदयाने नाही, हृदय त्यांचं शेवटपर्यंत टणक. अंगणातला आंबा काढायला स्टुलावर चढले आणि पडले ते डोक्यावर. तुला माहीत आहे, आता इथे मेलेल्याला ठेवायची सोय नाही, शीतगृहाला लाईट नाही, त्यामुळे सकाळी गेलेला माणूस त्याच संध्याकाळच्या आत मातीत जातो. म्हणजे मला विचारायचं होतं ते दुपारच्या आत विचारायला हवं होतं. मी वाक्य तयार केलं. आरशासमोर म्हणून बघितलं. प्रेताशेजारी कॉफी फिरत होती, मी त्यांच्या लेकीपाशी, एदिलियापाशी गेलो, तोंड उघडलं, तर तीच माझा हात धरून म्हणाली, “मास्तर, तुम्ही विजेचं शिकवता ना. बाबांच्या छातीतली ती पेटी अजून चालू असेल का हो?” मी शिक्षक माणूस. प्रश्न आला की खरं उत्तर देण्याची वाईट खोड. मी म्हटलं, चालू असणार, बॅटरी आहे तोवर ती ठोके देत राहणार, फक्त ऐकायला हृदय नाही. तर ती रडता रडता हसलीच. म्हणाली, “म्हणजे अगदी सगळे नाही गेले.” आता यापुढे माझं ते तयार वाक्य कसं म्हणायचं, तूच सांग. तरी मी म्हणणार होतो, निर्लज्जपणे म्हणणार होतो, पण बाबांनी मागून माझं कोपर असं आवळलं की डोळ्यांत पाणी आलं. “एक शब्द बोललास तर याद राख.”

दफनानंतर सगळे निघाले तरी बाबा खड्ड्यापाशी टोपी हातात धरून उभेच. मला म्हणाले, “खाली गाइता चाललाय बघ त्याचा. नशीबवान लेकाचा.” घरी येताना माझा बांध फुटला. भर रस्त्यात ओरडलो त्यांच्यावर, मला का अडवलंत, विचारलं असतं तर एदिलियाने दिली असती. म्हणाले, “दिली असती म्हणूनच अडवलं.” मी पुढे चालू लागलो. मग परत मागे आलो, कारण काठी घेऊन त्यांना तो चढ चढवत नाही.

तेव्हापासून रविवारचा सोहळा चालू आहे, फक्त समोरची खुर्ची रिकामी. मी चुंबक ठेवतो, मनगटात बोलेरो असतो, बाबा टेबलावर गाइता बडवतात, आणि मी म्हणतो, वा बाबा, फर्स्ट क्लास. त्यांना काही कळलेलं नाही, आणि ते बरंच आहे. असो. इकडची काळजी करू नकोस. गुडघ्यांना शेक दे. मेहुण्यांना नमस्कार, पोरांना गोड पापे.

तुझा धाकटा,
नेक्तारियो

ता. क. वरचं सगळं तुझी करमणूक व्हावी म्हणून लिहिलं. खरं काम हे आहे. तुमच्या दुकानामागे भट्टी आहे ना? प्रेत जाळण्याआधी पेसमेकर छातीतून काढून ठेवावा लागतो, नाहीतर बॅटरी आत फुटते, हे मला डॉक्टरांनी त्या छताकडे बघत असतानाच सांगितलं. काढलेल्या पेट्या कुठल्या तरी डब्यात पडून असतील. चांगल्या बॅटरीची एक बघ. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, की न विचारताच घ्यायची, ते तुझं तू ठरव, मी तुला वरून दोष देणार नाही. बाबांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

ता. क. २. लुदोविना बाळ, नेक्तारियो पाणी भरायला गेलाय आणि पत्र टेबलावर उघडं टाकून गेलाय, म्हणून मी लिहितो. देव तुझं भलं करो. तू मेलेल्यांना पावडर लावतेस हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. चांगलं काम आहे, कुणीतरी ते नीट करायला हवं. तुझा भाऊ शिकलेला आहे पण खुळा आहे. जन्मभर ठेका धरलेल्या माणसाला स्वतःच्या छातीतला बोलेरो कळत नाही म्हणतो! टेबलावर मी जलद वाजवतो ते त्याच्यासाठी, त्याचा चेहरा फार पडतो. मेलेल्याच्या छातीतलं न विचारता काही घ्यायचं नाही. त्याच्या घरच्यांना विचार. आउदियोची गोष्ट वेगळी होती, एदिलियाला त्या ठोक्यांची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. कुणी खुशीने दिली तर पाठवू नकोस, घेऊन ये. नाही दिली तर रिकाम्या हाताने ये. तू गेल्यापासून तुझ्या खोलीतल्या दिव्याचं बटण मी बंद केलेलं नाही. – हेबेर्तो

ता. क. ३. म्हाताऱ्याने वर जे लिहिलंय ते खोडणार होतो. पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. मग रविवार नसताना आत्ताच चुंबक ठेवून बघितला. टेबलावर त्यांनी या वेळी काहीच वाजवलं नाही, हात मांडीवर ठेवून बसले होते. ठेका बोलेरोच्याही खाली गेलाय, ताई. पेटीचं मागाहून बघू. आधी तिकीट काढ.